पूररेषा

दस्तगीर पेंटरला पालिकेनं काम दिलं:
हरभट रोडला पाणी कुठवर चढलं
ती रेघ भिंतीभिंतीवर ओढायची.
कुठल्या रंगात, ते कागदावर नव्हतं.

लाल बुडवला, तर शिरटीकरांच्या मंगलताई दारातून,
"नको हो, मळवट भरल्यागत दिसतंय."
निळ्याला पोरं हसली:
"पाणी कुठं निळं होतं, चाचा?"
हिरवा त्यानं आपणहून बाजूला सारला, भगवाही.
दोन्हींवर बोलायला माणसं टपलेलीच असतात.
आणि पिवळा…
चाळीस वर्षं हळदीच्या वखारींच्या पाट्या रंगवल्या,
पण हरिपूरच्या पेवांत माल कुजला
तेव्हापासून पिवळा त्याला वासासकट दिसतो.

दुपारी डबा रिकामा करून तो घाटावर गेला.
पायऱ्यांच्या खोबणीत गाळ होता अजून, ओला.
जवसाच्या तेलात घोटला,
आणि एका दमात ब्रश ओढला.

साहेब म्हणाले, "दिसत नाही हो."
खरंच. भिंतीत भिंत मिसळल्यागत रेघ.

मंगलताईंनी पदर खोचला,
टाचा उंचावल्या,
न शोधता
बोट नेमकं तिच्यावर ठेवलं.