तिसरा पंप

कुपवाडच्या शेडमध्ये ती तिसऱ्यांदा आली,
टेम्पोत मागं तोंड करून, शाळेतनं हाकलल्यागत.
लाल. दोन दारांची. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी.
डॉक्टर चौगुले म्हणाले, "नेमगोंडा, आता तूच काय ते बघ,"
आणि रिक्षानं दवाखान्यात गेले.

पहिल्यांदा पट्टा तुटला होता,
अंकलीच्या पुलाअलीकडं, टॉप गिअरला.
टायमिंगचा पट्टा तुटतो तेव्हा मोठा आवाज होत नाही.
इंजिन नुसतं वेळ विसरतं.
पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह अजून खालीच असतो,
जन्मभर एकमेकांना चुकवत आलेले
एका फेऱ्यात भेटतात.
आठच्या आठ वाकले.
बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत मी ते. फेकवत नाहीत.

मग नवा पट्टा घातला, नवा पंप घातला,
आणि पट्टा असा आवळला
की पुन्हा म्हणून सैल पडायला नको.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं.
आतलं सील गेलं की पंप तिथनं सांगतो:
आधी हिरवा थेंब, मग वाळलेली पांढरी रेघ.
दीड वर्षात सांगितलं.
मी मुंबईच्या दुकानदाराला शिव्या घातल्या,
थोड्या जर्मनीलाही,
दुसरा पंप बसवला आणि पट्टा
आणखी एक चिमूट ओढला.

आता हा दुसराही गेला, अकरा महिन्यांत.
पाणी पट्ट्यावर ठिबकलंय, पट्ट्याचे तीन दात मऊ पडलेत.
म्हणजे पट्टा पंपाला मारतो
आणि मरताना पंप पट्ट्याला भिजवून जातो.
पेपर अंथरून दोन्ही मेलेले पंप शेजारी ठेवले.
बेअरिंग दोन्हीची एकाच अंगाला खाल्लेली,
पट्टा ओढतो त्या अंगाला.
मी पेपरातली कांद्याची जाहिरात वाचत बसलो.

तिसरा पंप चढवला, नवा पट्टाही.
तेवढ्यात मिरजेचे दस्तगीरचाचा आले, लुनाचा प्लग घ्यायला.
चाळीस वर्षं सतारींना तारा लावणारा माणूस,
पट्टा दिसला तर हात कसा राहील?
नखानं छेडला.

"चढलाय."
"किती?"
"लई. कशाला रे एवढा चढवलास?"

डबा त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर होता.
मी म्हणालो, "तुटू नये म्हणून."

चाचा हसले नाहीत.
"तारेचं काय हाय नेमू, तार लोखंडाची, ती सोसती.
जास्ती चढवली की भोपळा तडकतो.
गिऱ्हाईक मग भोपळा घेऊन येतं भांडायला."

बाहेर एमआयडीसीचे ट्रक रिव्हर्स घेत होते.
शेजारच्या कातारीशाळेत लेथ किंचाळत होता.
चाचा म्हणाले, त्याला गप कर, आणि लेथ गप झाला.
मी ताणाचा नट पाव आटा सोडला. छेडला.
"अजून."
पुन्हा पाव. छेडला.
"अजून. भिऊ नको."
माझ्या मनगटाला सवयच नव्हती
त्या बाजूला वळायची.
"अजून जरा... हां. थांब."

चिमटीत धरून बघितला:
लांब अंगाला पट्टा पाव फेरा वळतो आणि थांबतो.
पुस्तकात हेच लिहिलंय. मला पाठ आहे ते.
दोन्ही वेळा पाठ होतं.

प्लगचे पैसे घेतले नाहीत तर चाचांनी
व्हाइसच्या जबड्यात नोट अडकवली, आणि गेले.

गाडी तीन आठवडे फिरते आहे.
रोज रात्री डॉक्टरांच्या बंगल्यापाशी स्कूटर लावतो,
वॉचमन आता विचारत नाही,
टॉर्च तोंडात धरून गाडीखाली सरकतो,
त्या भोकाखालनं बोट फिरवतो.
कोरडं.

नवा पट्टा थोडा ताणतोच,
हजार किलोमीटरला पुन्हा बघावा लागतो.
डॉक्टरांना तारीख दिली आहे.
चाचांनाही.
लेथवाल्याला सांगायचं राहिलंय.