टेलचं पाणी

आप्पांनी एकतीस वर्षं पंप चालवला.
म्हणजे नदी उचलली, असं ते म्हणतात.
कृष्णा, टप्प्याटप्प्यानं, चढावर चढवून
पार शेवटच्या वस्तीपर्यंत,
जिथं कालव्याचं टेल संपतं
आणि लोक फोन करून शिव्या देतात.
त्या शिव्या त्यांना अजून तोंडपाठ आहेत.
"बाबगोंडा, पाणी सोडलायस का थुंकलायस?"

आता छातीतला पंप तीस टक्क्यांवर आलाय.
सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला,
आप्पांनी फक्त विचारलं,
व्होल्टेज कमी आहे की बेअरिंग गेलं?

दिवसाला दीड लिटर पाणी, जास्त नाही.
त्यांनी बाटलीवर निळ्या पेनानं रेघा ओढल्या,
पाळीपत्रक केलं.
जुन्या लॉगबुकाची पानं उरली होती,
त्यात रोजचं वजन लिहितात,
अश्वशक्तीच्या रकान्यात किलो.
पाय तरी सुजतात.
बोट दाबलं की खळगा पडतो,
भरून यायला घाई करत नाही.

मंदिराची शेवटची पायरी चुकली मार्गशीर्षात.
पन्नास वर्षं पायाखालची पायरी.
मग ताटातली, त्यांच्या बाजूची भाजी
तशीच राहायला लागली.
आमच्यात सूर्य बुडायच्या आत जेवायचा नेम,
उजेड भरपूर असायचा.
आई म्हणाली, भूक मेली.
मीही तेच धरून चालले.

मिरजेत डोळे दाखवले.
प्रेशर तेरा, दोन्हीकडं तेरा.
"छान आहे की आजोबा," मशीनवरची पोरगी म्हणाली.
मग एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं,
हातात बटण. ठिपका चमकला की दाबा.
बाहेर बाकावर मला ऐकू येत होतं
टक. टक टक. टक.
मग लांबलचक गप्प,
लोडशेडिंगमध्ये पंपहाउसवर पडायची तसली,
जेव्हा आम्हा पोरांना अचानक
चिलटांचा आवाज ऐकू यायचा.
टक.

कागद आला. खालच्या अंगाला काळं.

"काचबिंदू," मुजावर मॅडम म्हणाल्या,
"पण प्रेशर वाढल्याचा नाही."
भिंग लावून पुन्हा वाकल्या.
नसेच्या वाटीचा काठ झिजलाय, म्हणाल्या,
आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडून
मी कधीच धरली नसती ती गोष्ट विचारली.
"रात्री किती उशा घेऊन झोपता?"

तीन, मी म्हणाले.
चार, आप्पा म्हणाले. एक ही झोपल्यावर घेतो.

मॅडम समजावू लागल्या.
रक्त ढकलणाराच थकला, की रात्री दाब उतरतो,
डोळ्यामागची नस नाजूक, तिथपर्यंत...
"टेलला," आप्पा म्हणाले.
"काय?"
"टेलला पोचत नाही."
पायात साचलेलं आहे, वर पोचत नाही.
असंच असतं ते, मॅडम. हेडला तुंबतं, टेल कोरडं.

त्यांनी सांगलीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली,
रात्रीच्या गोळीची वेळ बघा म्हणून.
थेंब दिले. गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या,
उरलेलं राखायचं.

घरी आल्यावर आप्पांनी डायरी काढली,
नंबर वाचायला मला दिली.
म्हाळाप्पा कोळेकर, शेवटचा गट, जतकडचा.
मला वाटलं, तब्येतीचं सांगतील.
ते म्हणाले, "म्हाळाप्पा, बाबगोंडा बोलतोय.
तेव्हा तू ओरडायचास,
आणि मी म्हणायचो इथनं पूर्ण सोडलंय.
मीटरवर पूर्णच दिसायचं रे.
तुझ्याकडं खरंच येत नव्हतं, व्हय?"

पलीकडं बराच वेळ खरखर.
म्हातारा बहिरा झाला असावा.
त्याला नाव तेवढं कळलं,
आणि त्यानं सुरुवातीपासून सुरू केलं,
आईवरून, पंपावरून, सगळं क्रमानं.

आप्पा हसत होते.
हसताना धाप लागली तरी
फोन माझ्या हातात देईनात.