तीन बोटं

जेल रोडच्या चाळीस घरांची वही माझ्याकडे.
ताप? खोकला? वास येतो का?
ऑक्सिमीटर बोटाला धरायचा,
मी आकडा लिहायचे, की पुढचं दार.
वहीत तोंडाचा रकाना नव्हता.

त्या वर्षी सगळी तोंडं झाकलेली.
प्रेसचा भोंगा गप्प,
टपरीवर ताडपत्री, तिच्यावर दोन विटा,
आणि दहाची पुडी मागच्या दारानं साठाला.
गायधनी आण्णा म्हणायचे,
"ताई, दूध बंद करा, ही नाही.
बावीस वर्षं नोटा मोजल्या,
एक चुकली नाही, हिच्या जोरावर."
मास्क खाली, पिचकारी,
मास्क वर.

एक दिवस हौसाकाकू दाराआडून म्हणाल्या,
"ह्यांना हल्ली भाजी झोंबते.
मी तर मिरची घालतच नाही."

मी वही मिटली.
सहा फुटांवरून म्हणाले,
आण्णा, मास्क काढा.
"चार महिने घाला घाला, आणि आज काढा?"
हात धुवा आधी. साबणानं. अजून.
आता तुमचीच तीन बोटं,
एकावर एक, दातांच्या मधे.

एक गेलं.
दुसरं गेलं.
तिसऱ्यापाशी जबडा अडला,
गंजलेल्या कडीसारखा.
शेजारच्या टीव्हीवर
आजचे इतके, कालचे इतके.
आण्णा त्यांत कुठंच नव्हते.

सिव्हिलची ओपीडी अर्धी बंद.
तरी चिठ्ठी लिहिली,
त्र्यंबक नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर दाखवायला.
गालाच्या आत पांढरा चट्टा होता.
डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.
पुढचं काय ते तुकडा तपासल्यावर,
पण पुडी आजपासून नाही.

आता आण्णा बडीशेप चघळतात
आणि मला शिव्या देतात.
देऊ देत.
शिव्या द्यायला तोंड उघडावं लागतं.

आणि माझं?
त्या रात्री साडी गरम पाण्यात टाकली,
आंघोळ केली, आरशासमोर उभी राहिले.
मिठाच्या बरणीमागं माझी मशेरीची डबी.
पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी हातावर ठेवलेली,
दात दुखतात म्हणून.
दात कधीच थांबले दुखायचे.

एक. दोन.
तिसरं गेलं,
जरा ओठ ताणून.

डबीचं झाकण उघडलं.
वास येतो का?
येतो.
घशापर्यंत येतो.

झाकण लावलं.
आज अकरावा दिवस.
डबी तिथंच आहे,
फेकायचं धाडस अजून झालेलं नाही.
उद्या दहाला पुन्हा चाळीस घरं.
वहीत शेवटच्या पानावर
पट्टीनं एक रकाना आखलाय,
पहिलं नाव माझं.