दर अर्ध्या तासाने

उलवे. रात्रीचे साडेअकरा.
एका पाइलच्या डोक्यावर सहाशे पंचवीस टन
आणि मी ताडपत्रीखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत.
समोर चार डायल, चार काटे.
एका मिलिमीटरचे शंभर भाग करून
वाचायचं, किती खचला.

वर तीनशे नव्वद काँक्रीटचे ठोकळे.
ट्रेलरवरून उतरत होते तेव्हा
रस्त्यावरच्या एका बाईने विचारलं,
कुठल्या देवाचं?
देवाचं नाही, मावशी.
हे सगळं परत उतरवायचं आहे.

खाली सोळा मीटर चिखल.
बोअर घेताना भीमाप्पा म्हणाला होता,
मॅडम, हातोडा मारायच्या आधीच रॉड चाललाय खाली,
आपल्याच वजनाने.
रिपोर्टात मी लिहिलं: एन बरोबर शून्य.
इतकं मऊ काही
मी सही-शिक्क्याच्या कागदावर
पूर्वी लिहिलं नव्हतं.

एक वाजता हसुराम घरत चहा आणतो. वॉचमन.
जनरेटर आहे तिथे मिठागर होतं,
त्याचा बाप कामाला.
पाणी घ्यायच्या आधी तळ तुडवायचा, तो सांगतो,
अनवाणी, टाचेला टाच लावून, आठ-आठ दिवस.
मग बाप रात्री एक पाय रोवून घरी जायचा.
सकाळी टाचेत पाणी दिसलं
की पुन्हा तुडवा.
कोरडी राहिली तर सोडा पाणी.
"आमची मशीन यवरीच," म्हणतो,
आणि चप्पल काढून पाय दाखवतो.

मी हसते. मग वहीच्या कडेला हिशेब मांडते:
माणसाचं वजन भागिले टाचेचं क्षेत्रफळ.
आकडा काही वाईट येत नाही.

दोन चाळीस. तीन नंबरचा काटा उडतो.
नऊ भाग! पोटात गोळा.
मग आम्र मार्गावरच्या डंपरचा आवाज विरत जातो
आणि काटा मागे येतो,
उशिरा घरी आलेल्या पोरासारखा, न बोलता.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते: डंपर.

चारच्या नोंदीनंतर कोठारे साहेबांचा फोन.
अजून जागीच? कल दिसतोय ना,
सहापर्यंतच्या ओळी भर आणि पड जरा.
कल दिसतोय, खरं आहे.
०.०३. ०.०३. ०.०२.
पुढचा आकडा मला येतो.
पेनाचं टोपण उघडं.
हसुराम जॅककडे बघत नाही, माझ्याकडेही नाही,
चहाचे कप विसळत बसलाय
एवढ्याशा पाण्यात, फार वेळ.

साडेचार.
०.०४.

मी ०.०२ लिहिणार होते.

दुसऱ्या रात्री भार उतरवला.
सात पूर्णांक बेचाळीस खाली गेला होता,
पाच पूर्णांक अठ्ठावीस वर आला.
उरलेले दोन मिलिमीटर आणि वर चौदा भाग
चिखलाने ठेवून घेतले.
पास, साहेब म्हणाले. पेढे आले.
या पाइलवर मात्र काही उभं राहणार नाही.
चाचणीचा होता, त्याचं काम संपलं.
टॉवर शेजारच्यांवर चढेल,
हा पार्किंगच्या फरशीखाली जाईल,
काहीच न उचलता.

निघताना खड्ड्याच्या कडेला
ओल्या मातीत एक टाच उमटलेली.
खोल, एकच, मुद्दाम रोवल्यासारखी.
वाकून बॅटरी मारली.
पाणी होतं.

यासाठी तक्त्यात रकाना नाही.
मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं,
वेळ घालून.