अकरा नंबरचं मशीन

लोरेनला एप्रिलात बर्फ पडतो
तो रागानं नाही, सवयीनं.

ड्राफ्टच्या रात्री सगळे माझ्या लॉन्ड्रीत जमतात,
कारण स्वतःचा टीव्ही वेंडेलनं डिसेंबरात फोडला
आणि माझा भिंतीवर उंच आहे, हात पोचत नाही.

वेंडेल प्रुसाक. तीन मुलगे.
तिघांना त्या त्या वर्षीच्या क्वार्टरबॅकचं नाव.
थोरल्याला दात यायच्या आत तो बाकावर बसला,
मधल्याच्या वेळचा गुडघ्यात गेला,
धाकट्याच्या वेळचा...
त्याच्याविषयी आम्ही बोलत नाही.
बायको म्हणाली, चौथं झालं तर नाव मी ठेवणार.
चौथं झालं नाही.

"कोवळा घ्या," वेंडेल म्हणतो, "बावीसचा.
जागेवरून साठ यार्ड फेकतो."
"फेकतो. पण बघतो कुठे?" मार्वेला मोजे जुळवत विचारते.
"एकाकडेच टक लावून बसतो.
दुसरा मोकळा उभा असतो बिचारा, हात वर करून,
सुपरमार्केटात हरवलेल्या माझ्या नवऱ्यासारखा."

म्हातारा स्टोश म्हणतो, अनुभवी आणा.
छत्तीसचा असला तरी चालेल, दोन वर्षं सुखाची जातील,
माझ्याकडेही साधारण तेवढीच आहेत.
"म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उरलेलं!"
"उरलेलं खाल्लंयस कधी?
कोबीचे रोल दुसऱ्या दिवशीच मुरतात."

मग मोजमापं निघतात.
तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती,
गुडघ्याचे फोटो, आईचा स्वभाव,
हरल्यावर रडतो की गप्प बसतो.
स्थळ बघावं तसं सगळं बघून होतं,
पत्रिका तेवढी राहते.
आणि तरी आमच्याकडे आजवर
एकही नांदला नाही.
मी ही जागा घेतल्यापासून अठरा झाले.
ड्रायर मी दोनच बदलले.

"यंदाचा पंधरा वर्षं टिकेल," वेंडेल म्हणतो.
दरवर्षी म्हणतो.
मी नोटा घेते, क्वार्टर मोजून देते.
मलाही वाटतंच की.

अकरा नंबरपाशी कॉर्विन टास्कर टॉवेलांच्या घड्या घालतोय.
तो दिसला की आवाज आपोआप खाली येतात,
आजाऱ्याच्या खोलीत येतात तसे.

सोळा वर्षांपूर्वी तो चार सामने खेळला.
चारही हरलो.
शेवटच्या सामन्यात त्याला नऊ वेळा पाडलं,
त्याच्यापुढे भिंत म्हणून जे होतं
तो बाथरूमचा पडदा होता.
स्टोशनं तेव्हा बिअरचा कप फेकला होता, सव्वीसाव्या रांगेतून.
नेम चांगला होता, स्टोश म्हणतो. हळूच.

बाकीचे सतरा गेले. फ्लोरिडा, टेक्सास, कुठे कुठे.
हा राहिला.
का राहिलास, कुणी विचारलं नाही.
पोरांना गाडी शिकवतो.
वेंडेलच्या तिघांनाही त्यानंच शिकवली,
मागे घेताना मान पूर्ण वळवायची, आरशावर विसंबायचं नाही.
तिघंही पटकन शिकले,
आणि त्याच गाड्यांतून गेले.

पडद्यावर कुणीतरी पाकीट घेऊन येतं.
वेंडेल टोपी काढतो. मार्वेलाच्या हातात एकच मोजा.
तेवढ्यात कॉर्विन काउंटरशी येतो:
"अकरा नंबर क्वार्टर गिळतंय. तीन टाकले,
एक परत आला नाही."
"उद्या बघते."
"गेल्या वर्षीही हेच म्हणालीस."
"हो."

नाव पुकारलं जातं. लॉन्ड्री हादरते,
स्टोश छत्तीसचा विसरून वेंडेलला मिठी मारतो.
मी गल्ल्यातून तीन क्वार्टर काढून पुढे केले
ते कॉर्विनला दिसलेच नाहीत.
बास्केट कमरेवर धरून तो वर बघत होता,
त्या पोराच्या खांद्यांकडे नाही, हाताकडे नाही.
आमची टोपी त्याला मोठी झाली होती,
कानांवर आली होती.