शकुनाचा नारळ

सावद्यात परदेशाची बॅग मोजायला काटा एकच खरा,
फिरकेंच्या केळी ग्रुपवरचा.
घड उतरून झाले की हमाल तो धुतात, मग बॅगा येतात.
झिपरू आकड्याकडे बघतच नाही,
मूठ धरून उचलतो आणि सांगतो,
"चारशे गिराम जास्त हाये, पोरी."
काटा नंतर तेच म्हणतो. तेवीस चारशे.

हेमांगीने स्वेटर काढला.
कुमुदबाईंनी तो परत कोंबला, बिबडे काढले.
तिने बिबडे घातले, बूट काढून पायात चढवले.
असं दिवेलागणीपर्यंत चाललं,
आणि शेवटी बिबड्यांची एक पिशवी बाहेरच राहिली.

मी सुपडू कोळी. गाडी एर्टिगा.
एकोणचाळीस जणांना विमानात बसवलं, असं गाव म्हणतं.
बसवलं नाही. दारापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला निघालो
म्हणजे पहाटे चारचं विमान सापडतं.
कुमुदबाईंना गाडी लागते. "तू हाये ना," म्हणाल्या,
आणि पोरीच्या तळहातावर दही, ओंजळीत नारळ.

तापीचा पूल आला की सगळेच काच खाली करतात.
एरंडोलपर्यंत फोन चालतो,
धुळ्यात शेवभाजी. तिखट कमी टाक, असं मी हळूच सांगून येतो,
पुढे पोटाला पट्टा बांधून रात्रभर बसायचं असतं.
धुळ्यानंतर कोणी बोलत नाही.
मग मीच बोलतो.

पासपोर्ट बॅगेत टाकायचा नाही, हातात.
पॉवरबँक मोठ्या बॅगेत नाही.
रांग कितीही दिसली तरी पळायचं नाही,
पळणाऱ्याचीच बॅग उघडतात.
बाटली रिकामी करून न्यायची, आत पाणी फुकट आहे,
चालत्या जिन्याच्या डाव्या हाताला.
हेमांगी म्हणाली, "काका, तुम्ही किती वेळा गेलात आत?"
मी गिअर बदलला.
चढ नव्हता.

रात्री दोनला तिथे भर दुपार असते.
गाडी उभी करायला तीन मिनिटं. शिट्टी वाजतेच.
पेटी, बॅग, पाठीवरची बॅग, आणि मग तो.
"काका, हा?"

नारळ आत जात नाही.
म्हणजे जातो की नाही, मला नक्की माहीत नाही.
पहिल्या खेपेला एका पोराचा काढून ठेवला होता त्यांनी
टोपलीत, कात्र्या आणि लायटरांमध्ये,
कुंकू लावलेला.
तेव्हापासून दाराच्या अलीकडे मीच मागून घेतो.

गेट नंबर चार. शिपायाने तिचा चेहरा बघितला, कागद बघितला,
परत चेहरा.
काच सरकली, मिटली.
हात करायचा राहून गेला तिचा,
पाठीवरची बॅग तेवढी वळताना दिसली.

येताना नारळ पुढच्या सीटवर, पट्ट्यात,
नाहीतर प्रत्येक ब्रेकला गडगडतो.
मी त्याच्याशी बोलत नाही, एवढा काही वेडा नाही.
रेडिओ लावतो.

पहिले चार मी पुलावरून तापीत सोडले.
पाचव्याला बायको म्हणाली, पाण्यात काय घालता,
मी खवून घालते.
तेव्हापासून दोहा, टोरंटो, लंडन
आमच्याकडे वांग्याच्या भाजीत येतात.
ताटावर बसला की पोरगा विचारतो,
आज कोण गेलं?

दुपारी सावद्यात पोचलो. कुमुदबाई ओट्यावरच होत्या.
विमान वेळेवर सुटलं का, विचारलं नाही.
रडली का, विचारलं नाही.
"नारय नेला ना रे तिनं?"

नेला, म्हणालो.

त्या आत गेल्या, बिबड्यांची ती पिशवी घेऊन आल्या.
"तुह्या पोराले. चारशे गिराम."
आणि गाडीत ठेवायला म्हणून पुढच्या दाराकडे निघाल्या.
मी मध्ये उभा राहिलो,
दोन्ही हात पुढे करून.