डाव्या हाताने

तेलावीच्या खालच्या गल्लीत, पहाटे साडेतीनला,
मी भट्टी पेटवते.
भट्टी म्हणजे मातीचा भला थोरला रांजण, कमरेइतका उंच.
द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काटक्या
सरसर पेटतात आणि तितक्याच लगेच संपतात,
म्हणून पुन्हा पुन्हा टाकाव्या लागतात.

हे काम वाझाचं होतं. छत्तीस वर्षं.
माझं काम गल्ल्यावर बसायचं, सुटे पैसे मोजायचे
आणि त्याला हसायचं.

कारण पहिली काडी ओढण्याआधी
तो पिठाच्या पोत्यांवरच्या काळवंडलेल्या ख्रिस्तासमोर
उभा राहायचा, टोपी काढून.
तीनदा क्रूसाची खूण. थोडं पुटपुटणं.
तेच. रोज तेच. दात घासावेत तसं.

मी म्हणायचे, देवाला तरी कंटाळा येत असेल रे.
मनातून येईल तेव्हा बोल ना त्याच्याशी,
पाठ केलेली प्रार्थना म्हणजे शिळा पाव.
तो हात झटकायचा, पीठ उडायचं.
"मनाचं काय सांगतेस, त्सियाला?
मन कुठे साडेतीनला उठतं?
आधी पाय उठतात."

नोव्हेंबरात, नव्या वाइनचे रांजण उघडायच्या आठवड्यात,
त्याची उजवी बाजू गेली.
आणि शब्द गेले.
उरला एकच : आरा. म्हणजे नाही.
सूप, आरा. उशी, आरा.
डॉक्टर, आरा. मी, आरा.

मग मी भट्टीत वाकायला शिकले.
कोपरापर्यंत भाजले.
भिंत पुरती तापलेली नसली
तर कणीक धरत नाही, घसरते,
राखेत पडते. पहिल्या महिन्यात
गल्लीतल्या कुत्र्यांनी चांगली मजा केली.

प्रार्थनाही करून पाहिली, माझ्या पद्धतीने, मनातून.
एका पहाटे तासभर रडले, सगळं बोलले,
देवाला काही सांगायचं बाकी ठेवलं नाही.
वीस पाव कोळसा झाले.
नंतर नऊ दिवस
एक शब्द सुचला नाही.

मोठ्या उपासाच्या दिवसांत, एकदा,
मीठ संपलं म्हणून वर गेले.
दिवा लावला नाही, त्याची झोप मोडेल म्हणून.
तो जागा होता.
खिडकीतून रस्त्यावरचा उजेड येत होता तेवढाच,
आणि त्या उजेडात त्याचा डावा हात
वर चढत होता, एखादी जड बादली ओढावी तसा :
कपाळ. छाती. खांदा. दुसरा खांदा.
वाकडं, उलटं, चुकीच्या हाताने.
तीनदा.
ओठ हलत होते. आवाज नव्हता.
आरासुद्धा नाही.

घड्याळात साडेतीन.
मी मीठ न घेताच खाली आले.
त्या दिवशीचे पाव अळणी. गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं.

आता मी उभी राहते, पोत्यांसमोर.
शब्द त्याचेच घेते; माझे टिकत नाहीत.
मन कधी येतं, अर्धे पाव निघाल्यावर,
उशिरा आलेल्या मजुरासारखं, मान खाली घालून.
कधी येतच नाही. मी पाव विकते.

चुकतोही एखादा दिवस.
पूर्वी वाटायचं, चुकला म्हणजे तुटलं.
पण आमच्याकडे खमिराला पावाची आई म्हणतात,
आणि ती एका दिवसाच्या उपाशीपोटी मरत नाही.
दुसऱ्या दिवशी मूठभर पीठ घालायचं, कोमट पाणी घालायचं,
माफी मागत बसायचं नाही.
तिला भूक असते; हिशेब नसतो.

बाकी काही बदललं नाही.
त्याचा हात तसाच आहे. भाडं वाढलंय.
कणीक थापायला आत वाकते तेव्हा
पाय जमिनीवरून सुटतात,
आणि त्या क्षणी, खरं सांगते,
मला फक्त माझ्या केसांची काळजी असते.

आज डोळा लागला होता.
पाच मिनिटं झाली असतील, सहा.
वरून पेला जमिनीवर आपटल्याचा आवाज आला,
मग पुन्हा एकदा.

"आले," मी ओरडले, चपला शोधत.
कोणाला म्हणाले, ते
नीट माझं मलाच कळलं नाही.